घरची डबी

तीस वर्षं मी लोकांना खाकरायला शिकवलं. कुणी गाणं शिकवतं, कुणी पोहायला शिकवतं. मी छातीच्या तळातून बेडका वर कसा आणायचा ते शिकवायचो आणि त्याचा पगार सरकार द्यायचं. आमच्या मंडळाच्या संपादकबाईंचा दिवाळी अंकासाठी फोन आला, "तुमच्या नोकरीवर काहीतरी लिहा," तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं, बाई, माझा विषय करंज्यांच्या ताटाशेजारी ठेवण्यासारखा नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, "सोनकांबळे, तुम्ही लिहा तर खरं." तर लिहितो. ज्यांना किळस येईल त्यांनी खुशाल पान उलटावं, मला राग नाही. फक्त घरात कुणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल, तर त्यांनी उलटू नये. त्यांच्यासाठीच लिहितोय.

मी हैदराबादच्या एका सरकारी छातीच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन होतो. सोनकांबळे हे नाव तिथं कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून पहिल्याच महिन्यात मी 'सोना साब' झालो. काम काय? थुंकी तपासणं. लग्नकार्यात कुणी विचारलं की मी "लॅबमध्ये आहे" म्हणायचो आणि विषय बदलायचो. मराठीत बेडका, उर्दूत बलगम, तेलुगूत तेमडा. एकच घाण चीज मला दिवसातून पन्नास वेळा तीन भाषांत मागावी लागे.

आता ती चीज इतकी महत्त्वाची का, ते सांगतो. छातीचे नेहमीचे आजार म्हटले तर चारच. दमा असला की छातीत शिटी वाजते, पहाटे जास्त, धुळीनं जास्त, आणि पंप ओढला की उतरते. बिडीनं नाहीतर चुलीच्या धुरानं झिजलेली छाती असली की माणूस वर्षानुवर्षं खोकतो आणि हळूहळू जिन्याला घाबरायला लागतो. न्यूमोनिया दोन दिवसांत माणसाला आडवं करतो, फणफणून ताप, बरगडीत कळ. आणि टीबी. त्याला घाई नसते. संध्याकाळी बारीक कणकण, रात्री उशी भिजेल एवढा घाम, कपडे ढिले व्हायला लागतात, आणि खोकला काही जात नाही. पुस्तकात हे चार रकाने वेगवेगळे दिसतात. खऱ्या माणसात दमेकऱ्याला टीबी होतो, बिडीवाल्याला न्यूमोनिया होतो, आणि टीबी कित्येक दिवस साध्या ॲलर्जीसारखा दिसतो. आमच्या मोठ्या मॅडम, म्हणजे छातीच्या डॉक्टर, मराठीच असल्यानं माझं नाव नीट घेणाऱ्या तिथल्या एकट्या, नळी लावून ऐकायच्या, एक्स-रेचा फोटो बघायच्या, आणि तरी शेवटी म्हणायच्या, "सोनकांबळे, डबी काय म्हणते?"

डबीत बेडकाच पाहिजे, थुंकी चालत नाही. लोकांना हा फरकच कळत नाही. थुंकी तोंडातली, पाण्यासारखी, वर फेस. बेडका फुप्फुसातला, घट्ट, पिवळट, तार सुटणारा. टीबीचे जंतू त्यात असतात, तोंडात नाही. सकाळी उठल्याउठल्या, चूळ भरून, दोनतीनदा खोल श्वास घेऊन पोटापासून खोकायचं आणि जे येईल ते डबीत. मग आम्ही झाडूच्या काडीच्या टोकानं त्यातला घट्ट भाग काचेवर पसरायचो, ज्योतीवर फिरवायचो, लाल रंगानं रंगवायचो, ॲसिडनं धुवायचो, वर निळा रंग द्यायचो. टीबीचा जंतू हट्टी, तो ॲसिडलाही लाल रंग सोडत नाही. निळ्यावर बारीक लाल काडी दिसली की संपलं. ती नाही दिसली तर मात्र काच सरकवत सरकवत शंभर जागा बघायच्या. शंभर झाल्याशिवाय 'नाही' लिहायचं नाही, हा नियम. आणि नवीन पोरंपोरी शिकायला आली की मी त्यांना पहिल्या दिवशी सांगायचो, 'नाही' याचा अर्थ रोग नाही असा नाही. या डबीत, आज, मला दिसला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. जुन्या शहरातले एक म्हातारे गृहस्थ, शेरवानी, दाढी मेंदीनं रंगवलेली, डबी रेशमी रुमालात बांधून आणायचे. उघडली तर घमघमाट. "साब, बू आती ना, इसलिए थोड़ा इत्तर डाल दिया, आपकू तकलीफ नक्को बोलको." मी कपाळावर हात मारला. तीनदा आणायला लावलं, तेव्हा कुठं बिनअत्तराचा बेडका मिळाला. दुसरा एक गवंडी. रिपोर्ट जोरदार पॉझिटिव्ह, आणि माणूस समोर पैलवानासारखा उभा. मॅडम नळी लावून थकल्या, छातीत काहीच नाही. शेवटी मी त्याला बाजूला घेतलं तेव्हा तो रडायला लागला; डबी बायकोची होती. दवाखान्यात यायला ती तयार नव्हती, लोक काय म्हणतील म्हणून. मी त्याच्यावर इतका ओरडलो की बाहेरच्या रांगेत शांतता पसरली. मला राग लवकर येतो, डबीच्या बाबतीत तर फारच लवकर.

बायकांच्या डब्यांत नेहमी पाणी असायचं. चारचौघांत घसा खरवडून थुंकायचं म्हणजे त्यांना जीव नकोसा व्हायचा, आणि सासरचं माणूस सोबत असलं तर विचारूच नका. त्यासाठी आमच्याकडे यादम्मा होती. वॉर्डातली आया, वरंगलकडची, आवाज असा की तिघांचं काम एकटी करेल. ती बायकांना आवारातल्या लिंबाच्या झाडामागं न्यायची, मोकळ्या हवेत, पाठीवर थापट्या मारायची, स्वतः खोकून दाखवायची, आणि सोबतच्या पुरुषाला हाकलून द्यायची. तिच्या हातातून आलेली डबी मी न बघता टेबलावर घ्यायचो. इतका माझा तिच्यावर विश्वास.

आता घरचं सांगतो. माझे वडील देगलूरकडचे. सिकंदराबादला रेल्वेच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस मजूर, म्हणून आले आणि तिथंच निवृत्त झाले. त्यांचे घरात दोनच नियम होते. एक, लेकरांनी शिकायचं. दुसरा, घरात कुणी खाकरायचं नाही, थुंकायचं नाही. ज्यांना एके काळी जमिनीवर थुंकायची बंदी होती, गळ्यात मडकं बांधून फिरावं लागायचं, त्यांचे आम्ही वंशज. वडील म्हणायचे, "आपल्याला कुणी घाणेरडं म्हणायला जागा ठेवायची नाही." बाथरूममध्येसुद्धा नळ सोडून, आवाज न करता चूळ. आणि मला नोकरी लागली ती थुंकीची! दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सरकारी आहे ना? कर. पण घरी त्याचा विषय नको." तो विषय घरी कधीच आला नाही. वडील गेले, आम्ही नल्लकुंट्याला फ्लॅट घेतला, नियम तेवढा भिंतीवरच्या घड्याळासारखा सोबत आला.

माझा मुलगा अमोल कंपनीत आहे. सून प्रज्ञा आमच्या गावाकडचीच, नांदेडला बी.एस्सी. झालेली. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला मामी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिला सर्दी झाली आणि सकाळी ती बेसिनशी जरा मोठ्यानं खाकरली. माझी बायको शांता तिला हळूच म्हणाली, "बाई, आपल्या घरात खाकरत नाहीत." वाईट बोलली नाही, समजावूनच सांगितलं. पण त्या पोरीनं ते कायमचं लक्षात ठेवलं. मी तेव्हा पेपर वाचत होतो. मी ऐकलं आणि पुढचं पान उलटलं.

नात झाली, सांची. सांची पाच महिन्यांची असताना प्रज्ञाला खोकला लागला. माझं नोकरीचं शेवटचं वर्ष. आधी कुणी लक्ष दिलं नाही. समोर बिल्डिंग पाडत होते, घरभर सिमेंटची धूळ. शांता म्हणाली, "बाळंतिणीची छाती नाजूक असते, थंड काही खाऊ नको." दोन आठवडे झाले, तीन झाले. खोकायची ती पण दाबून, पदर तोंडात धरून. तिच्या खोल गेलेल्या गळ्याकडे माझं लक्ष गेलं ते एका रविवारी, विहारातून परत येताना. जिना चढताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबली. सांची माझ्याकडे दिली आणि भिंतीला टेकली.

"काय होऊ लालंय?" मी विचारलं.

"काय नाही मामा. रात्री लेकरू झोपू देत नाही, म्हणून थकवा."

"ताप येतो का?"

"नाही."

शांताकडे बघून ती 'नाही' म्हणाली. मी हे पाहिलं. मी रोज पन्नास लोकांना हाच प्रश्न विचारून त्यांच्या 'नाही'वर विश्वास न ठेवणारा माणूस.

सोमवारी रात्री मी शांताला डबी दिली. दवाखान्यातून आणलेली, नवीन, झाकण पक्कं. प्रज्ञाला मी स्वतः देऊ शकलो असतो, पण सुनेच्या हातात थुंकीची डबी कशी द्यायची? "तिला सांग, सकाळी उठल्यावर, चूळ भरून..." मी सुरुवात केली. शांता म्हणाली, "माहितेय मला, तुम्ही नका सांगू." तिलाही ते माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. बाकीचं मी सांगितलंच नाही. खोल श्वास, पोटापासून खोकणं, घट्ट, पिवळट, काही नाही.

सकाळी ओट्यावर डबी होती, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर रबरबँड, त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी. प्रज्ञा स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. मी डबी उचलली, तिनं वळून पाहिलं नाही.

दवाखान्यात मी ती सगळ्यात आधी उघडली. यादम्मा टेबलाशी उभी होती, वॉर्डातल्या डब्या घेऊन. तिनं मान वाकवून बघितलं आणि म्हणाली, "सोना साब, ये तो नीळ्ळु है. पानी. वापस भेजूँ?"

मला दिसत होतं. आरपार स्वच्छ पाणी, वर पांढरा फेस. दुसऱ्या कुणाची असती तर मी डबी त्याच्या हातात परत कोंबून म्हटलं असतं, थूक नहीं माँगा, बलगम माँगा. त्या दिवशी मी म्हणालो, "रहने दो. घर का है."

यादम्मा माझ्याकडे बघत राहिली. मग डब्या ठेवून गेली.

काच केली. रंगवली. शंभर जागा मोजल्या, एकही कमी नाही, इमानदारीनं. खरं तर एकशेदहा मोजल्या. एकही लाल काडी नाही. मला इतकं हलकं वाटलं की कँटीनमध्ये जाऊन मी इराणी चहा घेतला, सोबत दोन उस्मानिया बिस्किटं. ज्या पाण्यात जंतू असणं शक्यच नव्हतं त्यात तो नाही म्हणून मी बिस्किटं खाल्ली! आता आठवलं की ती घशात अडकतात. दुसरं मशीनही होतं आमच्याकडे, जंतूचा अंश पकडणारं, पण त्याची कार्ट्रिज त्या आठवड्यात आली नव्हती. आल्यावर बघू, असं मी मनात म्हटलं आणि ते मनातच राहिलं.

घरी जाऊन मी म्हणालो, "निगेटिव्ह आहे." शांतानं हात जोडले. अमोल म्हणाला, "थँक गॉड." प्रज्ञा सांचीला घेऊन आत गेली.

आणि मग त्या एका शब्दानं पुढची सगळी दारं बंद केली. चिक्कडपल्लीचे आमचे नेहमीचे डॉक्टर छातीचा फोटो काढा म्हणणार होते. अमोलनं सांगितलं, "बाबांनी स्वतः बघितलंय, निगेटिव्ह आहे." डॉक्टर मला ओळखत होते. म्हणाले, "सोनकांबळे साहेबांनी बघितलं म्हणजे प्रश्नच नाही." शांताचंही होतंच, अंगावर पाजणाऱ्या बाईचा फोटो नको. खरं तर छातीच्या फोटोनं दुधाला काहीही होत नाही, हे मला पाठ होतं. मी गप्प. धुळीची ॲलर्जी ठरली. अँटिबायोटिक झालं, सिरप झालं, मग पंप आला. पंप ओढला की तिला जरा बरं वाटायचं, किंवा बरं वाटतंय असं ती आम्हाला सांगायची. असे सात आठवडे गेले.

त्या सात आठवड्यांत मी काय करत होतो? ऐकत होतो. घरात कुठंही असलो तरी कान त्या खोलीकडे. तो खोकला मला कळत होता हो! तीस वर्षं रांगेत बसलेल्या लोकांचे खोकले ऐकले होते, डोळे मिटून सांगायचो कोण ओला, कोण कोरडा. पण मनात दुसरा आवाज म्हणायचा, शंभर मोजल्यास ना तू? एकशेदहा मोजल्यास. मग मी कूस बदलायचो.

एका दुपारी शांताचा दवाखान्यात फोन आला. "लगेच या. उशीवर रक्त आहे." आणि मग, अगदी लहान आवाजात, "अहो, सांची पण खोकू लालीय."

रिक्षात मी प्रज्ञाशेजारी बसलो. माझ्या मांडीवर सांची. प्रज्ञाच्या तोंडावर रुमाल होता. अमोल परस्पर येणार होता. दवाखान्यापर्यंत मी एक वाक्य जुळवत होतो, ते जुळलं नाही.

मोठ्या मॅडमनी फोटो दिव्यावर लावला. उजव्या बाजूला वर, जिथं काळं दिसायला पाहिजे तिथं पांढरट धुरकट, आणि मधे एक पोकळी. मला कुणी सांगायची गरज नव्हती. मॅडम म्हणाल्या, "हिचा स्पुटम झाला होता ना?"

"झाला होता. मीच बघितला."

"सँपल कसं होतं?"

मी खाली बघितलं. त्यांनी कागद ओढून लिहायला घेतलं. "मशीनला लावू, जंतू औषधाला दाद देणारा आहे की नाही तेही कळेल. मला चांगलं सँपल पाहिजे, सोनकांबळे. आत्ता."

यादम्मानं प्रज्ञाला लिंबाखाली नेलं. मी लांब व्हरांड्यात, कडेवर सांची. पाच मिनिटं, दहा मिनिटं. प्रज्ञा डबी तोंडाशी न्यायची, माझ्याकडे बघायची आणि थांबायची. मी आत जायला वळलो तशी यादम्मा ओरडली, "किधर जाते साब? इधर आओ!" गेलो. ती कमरेवर हात ठेवून उभी. "बहू शरमाती. मैं बोली तो भी नहीं सुनती. बोलती, घर में मना है. तुम्हारे घर का है ना, तुम छुड़ाओ. पहले तुम खाँसो."

हजार लोकांना करून दाखवलेली गोष्ट. आणि सुनेसमोर उभा राहिलो तर ती जमेना. वडील आठवले. मी डोळे मिटले, खोल श्वास घेतला आणि पोटापासून असा खाकरलो की झाडावरचे कावळे उडाले. मग लिंबाच्या बुंध्याशी थुंकलो. भर दिवसा, चार माणसांदेखत.

प्रज्ञाचे डोळे मोठे झाले. तिला हसू आलं आणि हसता हसता खोकला आला, खरा, आतापर्यंत दाबून ठेवलेला. यादम्मानं पाठीवर हात मारला. "हौ, हौ, और, और!" प्रज्ञानं पाठ फिरवली नाही. माझ्यासमोरच तिनं डबीत थुंकलं. पिवळा, घट्ट, लाल धागा असलेला. तिनं डबी माझ्यापुढे धरली.

"मामा, त्या दिवशी मला येतच होता. पण मामी बाहेर होत्या, तुम्ही हॉलमध्ये होतात. आवाज झाला असता. मी तोंडातलंच दिलं. मला वाटलं, तुम्ही बघितल्यावर सांगाल परत दे म्हणून."

मी म्हणालो, "मी बघितलं होतं."

तिला ते आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं मान खाली घातली आणि सांचीला माझ्याकडून घेतलं.

त्या काचेवर शंभरापर्यंत जावं लागलं नाही. पहिल्याच जागी होते, काड्याच काड्या. मशीननं सांगितलं की औषधाला दाद देणारा आहे. एवढं एक नशीब.

पण सांची? सात महिन्यांचं लेकरू. तान्ह्या मुलांची आमच्या धंद्यात मोठी पंचाईत असते. ती बेडका थुंकत नाहीत, गिळतात. म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून बारीक नळी पोटात घालून गिळलेलं बाहेर काढावं लागतं. नर्सनं नळी घातली तेव्हा सांचीचं डोकं मी धरलं होतं, कारण अमोलला ते जमेना. ती माझ्याकडे बघून किंचाळत होती. दोन दिवसांनी मॅडमनी बोलावलं. फोटो स्वच्छ, नळीचं सँपल निगेटिव्ह, वजन थोडं कमी, खोकला साध्या सर्दीचा दिसतो. तरी आईजवळ झोपते, म्हणून सहा महिने रोग होऊ नये यासाठीचं औषध. अंगावरचं दूध चालू ठेवा, आईनं मास्क लावा.

सगळे रडले, आनंदानं. मला रडता येईना. निगेटिव्ह म्हणजे काय, हे माझ्याइतकं त्या खोलीत कुणाला माहीत होतं? सहा महिने मी रोज सकाळी नातीला वजनकाट्यावर ठेवत होतो. काटा जिथल्या तिथं राहिला की माझा दिवस गेला. शांता म्हणायची, "अहो, लेकरू आहे, भाजी नाही," पण स्वतःही काटा वाकून बघायची.

या मधल्या काळात मी निवृत्त झालो. निरोपसमारंभात हार, शाल, भाषणं. तीस वर्षांत एक चूक नाही, असं कुणीतरी म्हणालं. यादम्मा मागच्या रांगेत बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या, माझ्याकडे मात्र बघितलं नाही. ती बाई त्या पाण्याच्या डबीबद्दल कधीही कुणाला बोलली नाही, अजूनही नाही. मी बोलतो. म्हणून हे लिहिलं.

उपचार संपले तेव्हा प्रज्ञाला शेवटची डबी द्यायची होती. मी सोबत गेलो. लिंबाखाली यादम्मा आणि ती, दोघी बराच वेळ खोकत होत्या. मग प्रज्ञा स्वतः चालत लॅबच्या खिडकीशी आली, वर्तमानपत्र नाही, पिशवी नाही, डबी उघडी हातात.

"मामा, येतच नाही. यादम्मानं पाठ सुजवली, तरी एवढंच."

डबीत पाणी होतं. आरपार स्वच्छ, वर पांढरा फेस. अगदी तीच डबी वाटावी अशी. बरा झालेला माणूस बेडका देऊच शकत नाही, छातीत उरलेलाच नसतो. हे मी शेकडो लोकांना हसत हसत सांगितलं होतं. फोटो सुधारला होता, वजन नऊ किलोनं वाढलं होतं. उजवीकडे वरचा व्रण तेवढा राहणार, दुसऱ्या मजल्यावर ती अजून थांबते आणि पुढेही थांबेल. ते सात आठवडे तिच्या छातीत कायमचे राहिले.

माझ्या जागेवर आता नाज़िया नावाची मुलगी आहे. मी तिला म्हटलं, मला बसू दे. ती उठली. मी शंभर मोजल्या. काही नाही. नाज़ियानं विचारलं, "सर, लिखूँ?" मी म्हटलं, "रुक बेटा," आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.

आता घरी काय आहे ते सांगतो आणि थांबतो. सकाळी सहाला मी हॉलमध्ये पेपर घेऊन बसतो, शांता चहा आणून ठेवते. प्रज्ञा बेसिनशी जाते आणि मुद्दाम, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं, घसा खरवडून खाकरते. मग आतूनच ओरडते, "कोरडं आहे, मामा!" तिच्यामागं उभी राहून सांचीही खाकरते, दोन वर्षांची, तिला तो खेळ वाटतो. वडिलांच्या तसबिरीकडे मी बघत नाही. त्या दोघींचे आवाज येईपर्यंत माझा चहा तसाच निवत असतो.